वैद्य, न्हावी, सुईण, अत्तार आणि डॉक्टर : इंग्रजी अमदानीत दुखण्याचा सल्ला कोण देई आणि त्याचे पैसे कोणाला मिळत?

मोडीवाचक

ग्रँट मेडिकल कॉलेज मुंबईत १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ साली त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग हे त्याच तुकडीतले. त्यानंतरही कित्येक वर्षे असे पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते आणि त्यांतील बरेच जण मुंबई-पुण्यात किंवा सरकारी नोकरीत राहिले. म्हणजे १८५० ते १९०० या काळात तालुक्याच्या गावी ताप आला, गळू झाले, हाड मोडले किंवा बाळंतपण अडले, तर बहुसंख्य लोक ज्यांच्याकडे जात होते ते वैद्य, न्हावी, वैदू, सुईण, अत्तार (म्हणजे काष्ठौषधी विकणारा दुकानदार), तालमीतला वस्ताद असे कोणी तरी असत.

सातारा भागातील एका घराण्याच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या सध्या मी वाचतो आहे. त्यांत वैद्याला दिलेला शिधा आणि धोतरजोडी आहे, न्हाव्याचे खळ्यावरचे धान्य आहे आणि काष्ठौषधीच्या दुकानाची उधारी आहे. पण नुसत्या सल्ल्याबद्दल रोख पैसे दिल्याची नोंद फार उशिरा येते, आणि ती येते तीही डॉक्टरच्या नावावर. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, इंग्रजी अमदानीत खरा बदल औषधांत झाला त्यापेक्षा मोठा बदल मोबदल्यात झाला. नाडी पाहून दोन शब्द सांगणे ही स्वतंत्रपणे विकत घेण्याची गोष्ट आहे, हे आपल्याकडे याच काळात रुजले. सभासदांनी आपल्या घरच्या, गावच्या किंवा वाचनातल्या माहितीच्या आधारे याची पुष्टी करावी किंवा खंडन करावे.

इतिहासवेडा

विषय उत्तम आहे, पण मांडणी मला जरा सरळसोट वाटते. पेशवाईतही वैद्यांना इनामे आणि वर्षासने होती, म्हणजे सल्ल्याचा मोबदला होताच. तो प्रत्येक भेटीगणिक न मिळता वर्षाचा एकदम मिळत असे, इतकाच फरक. आजचे कंपन्यांचे डॉक्टर महिन्याच्या पगारावर असतात. तेही सल्ला फुकट देतात असे आपण म्हणत नाही.

मोडीवाचक

फरक 'इतकाच' नाही. वर्षासन घेणाऱ्या वैद्याला रोग्याने बोलावले की जावे लागे. रोख फी घेणारा मनुष्य नकार देऊ शकतो आणि रोगीही उद्या दुसऱ्याकडे जाऊ शकतो. दोघांचीही बांधिलकी सुटते, आणि माझा मुद्दा या सुटण्याविषयी आहे.

खलबत्ता

आमच्या घरी तीन पिढ्या वैद्यकी होती, म्हणून थोडे लिहितो. नाडी पाहण्याचे पैसे घेऊ नयेत, अशी आजोबांची समजूत होती आणि ती त्यांच्या वडिलांकडून आलेली होती. याचा अर्थ ते फुकट काम करीत असा मात्र नव्हे. चूर्ण, काढे आणि आसवे यांची किंमत ते घेत आणि मात्रेची तर चांगलीच घेत. हेमगर्भाची मात्रा म्हणजे सोने आणि पारा घातलेली कांडीसारखी घट्ट गोळी. ती सहाणेवर किती वळसे उगाळायची यावर तिचे मोल ठरे, आणि रोगी अगदी शेवटच्या अवस्थेत असेल तेव्हाच ती बाहेर निघे. उगाळून झाल्यावर तीच कांडी पुसून पुन्हा रेशमी चिंधीत गुंडाळून डबीत जाई. अशी एक कांडी घराण्यात वर्षानुवर्षे पुरे. गावात दोन-तीन घरांकडेच ती असल्यामुळे रात्री-अपरात्री लोक ती मागायला येत आणि त्या वेळी किमतीची घासाघीस कोणी करीत नसे.

तेव्हा वैद्याचे उत्पन्न औषधात दडलेले होते. मोडीवाचक यांच्या वहीत सल्ल्याची फी दिसत नाही ती त्यामुळे. अत्ताराच्या दुकानाची उधारी आहे म्हणता, त्यात वैद्याचा वाटा होता का, हेही तपासून पाहावे. वैद्याने चिठ्ठी अमुकच दुकानाची द्यावी आणि दुकानदाराने दिवाळीला त्याची आठवण ठेवावी, हा व्यवहार फार जुना आहे.

तिरकस

म्हणजे औषध कंपन्यांकडून डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटवस्तूंना आपल्याकडे थोर परंपरा आहे, हे ऐकून ऊर भरून आला.

शल्यकर्मी

थट्टा बाजूला ठेवून एक गोष्ट नोंदवतो. शस्त्रकर्माच्या बाबतीत 'सल्ला' आणि 'हुन्नर' या दोन वस्तू वेगळ्या हातांत होत्या. ग्रंथ जाणणारा वैद्य सहसा शस्त्र हाती धरीत नसे. गळू फोडणे, फासण्या टाकून तुंबडी लावणे, जळवा लावणे ही कामे न्हावी आणि वैदू करीत. आणि हा हुन्नर कोणत्या दर्जाचा असू शकतो, याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण पुण्याचेच आहे.

कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या लढाईत इंग्रजी सैन्याकडे बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या हाती सापडल्यावर त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. त्यानंतर पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले, आणि हा कारागीर विटा करणाऱ्या जातीतला होता, असे वृत्तान्तात म्हटले आहे. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया होताना पाहिली होती. तिची हकीकत चित्रासह लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली.

कृतीचा तपशील वाचण्यासारखा आहे. प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या थोटकावर बसवून तिला नाकाचा आकार द्यायचा, मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी सोलून घ्यायची, पण दोन डोळ्यांच्या मधला एक अरुंद पट्टा तसाच जोडलेला ठेवायचा, म्हणजे रक्तप्रवाह चालू राहतो. थोटकाच्या कडेला चीर देऊन, कातडी उलटी वळवून त्यात बसवायची. टाके नाहीत. काथ पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा आणि त्या पट्ट्या सांध्यावर एकीवर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावायचे. जोडपट्टा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापायचा. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने या वर्णनावरून तयारी करून १८१४ साली अशी शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि तेथून ही पद्धत युरोपभर गेली.

पदव्युत्तर शिक्षण घेताना हे आम्हाला इंग्रजी पुस्तकातून कळले. ज्याने ते नाक केले त्याचे नाव मात्र त्या वृत्तान्तात नाही.

इतिहासवेडा

कावसजीचे उदाहरण सुरेख आहे, पण तेव्हा पुण्यात पेशवाई होती. इंग्रजांचा फक्त दरबारी वकील, म्हणजे रेसिडेंट, होता. धाग्याचा काळ त्यानंतरचा आहे. माझा प्रश्न असा की, हा कारागीर १८१८ नंतर कुठे गेला? अशी विद्या एका माणसाची नसते, घराण्याची असते. तिचे गिऱ्हाईक मुख्यतः नाक कापण्याच्या शिक्षेमुळे मिळत असणार. शिक्षाच बंद झाली तर धंदाही बसला असेल, हे मला संभवनीय वाटते.

शल्यकर्मी

तो एक भाग झाला. दुसरा भाग असा की, ही विद्या लिहून ठेवलेली नव्हती आणि नव्या कॉलेजात तिच्यासाठी जागा नव्हती. १८४५ नंतर शस्त्रक्रिया शिकायची तर शवविच्छेदन करावे लागे आणि इंग्रजी यावे लागे. विटा भाजणाऱ्याच्या मुलाला त्या दारातून आत जाता येणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. पुढे ग्रँट कॉलेजात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग काढण्यात आले, पुण्यातही १८७८ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि तेथून हॉस्पिटल असिस्टंट बाहेर पडू लागले. पण तोपर्यंत हुन्नरवाल्यांची एक पिढी उलटून गेली होती.

रानजाई

वरच्या सर्व चर्चेत शीर्षकातील सुईण कोठेच आली नाही, याकडे लक्ष वेधते. संख्येने पाहिले तर त्या काळात सर्वांत जास्त वेळा बोलावली जाणारी वैद्यकीय व्यक्ती तीच असणार, कारण ताप एखाद्या घरात येईल न येईल, बाळंतपण प्रत्येक घरात होते.

महाराष्ट्रात हे काम बऱ्याच गावांत मांग समाजातल्या बायका करीत, काही ठिकाणी न्हाव्याच्या घरातल्या. विटाळाच्या कल्पनेमुळे नाळ कापणे आणि सुवेराच्या खोलीतले काम वरच्या जातींच्या बायका करीत नसत. म्हणजे ज्या बाईला एरवी ओसरीवर चढू देत नसत, तिच्या हाती त्या दहा दिवसांत घरची सून आणि वंशाचा दिवा दोन्ही सोपवलेले असत, आणि अकराव्या दिवशी ती पुन्हा अंगणाबाहेर. मोबदला म्हणजे लुगडे, खण, धान्य, मुलगा झाला तर थोडे जास्त आणि मुलगी झाली तर कमी. मोडीवाचक यांच्या वहीत सुईणीच्या नावाने काय खर्च पडला आहे, हे जाणून घ्यायला आवडेल. माझा अंदाज आहे की तो औषधोपचाराच्या सदरात नसून बारशाच्या सदरात असेल.

मोडीवाचक

अंदाज बरोबर आहे. तो बारशाच्या खर्चात आहे, वाजंत्री आणि साखर यांच्या मध्ये. 'सुईणीस लुगडे' एवढेच, नाव नाही.

सह्याद्रीवासी

आमच्या पणजीच्या काळच्या गोष्टी घरात सांगितल्या जातात त्यांत सुईणीचे कौतुकही आहे आणि धास्तीही आहे. अडलेल्या बाळंतिणीचे पोट चोळून मूल फिरवणाऱ्या बायका होत्या. तसेच नाळ कापायला विळा घेणाऱ्या आणि जखमेवर राख लावणाऱ्याही होत्या. त्याने धनुर्वात होऊन मुले दगावत. जुने ते सोने म्हणताना याचाही विसर पडू नये.

रानजाई

सोने कोणी म्हटलेले नाही. मी हिशेब विचारते आहे, गौरव करीत नाही. मुले दगावत, म्हणून सुईणींना शिकवावे असे सरकारला आणि डॉक्टरांना वाटले हे योग्यच होते. लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी १८८५ साली सुरू झाला, कामा रुग्णालय मुंबईत १८८६ साली उघडले आणि डॉ. तेमुलजी नरिमन यांनी पारशी प्रसूतिगृह १८८७ साली काढले. हे तिन्ही प्रयत्न दोन-तीन वर्षांत झाले, त्याअर्थी प्रश्नाची जाणीव तीव्र होती. परंतु त्यांचा लाभ कोणाला मिळाला, तर मुख्यतः शहरांतल्या बायकांना. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल जन्मल्यावर दहा दिवसांत गेले आणि त्यातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या, हे आपण शाळेत वाचले आहे. १८८६ मध्ये एम.डी. होऊन त्या परतल्या, पण त्यांच्या अखेरच्या आजारात पुण्यात त्यांच्यावर उपचार झाले ते देशी वैद्याचेही. अमेरिकेची पदवी घेऊन आलेल्या बाईच्या घरीसुद्धा दोन्ही दारे उघडी होती, तर इतरांची काय कथा.

दवाबाजार

या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि बाजाराच्या बाजूने त्यात भर घालतो. डॉक्टर आले म्हणून वैद्य गेले, असे झालेच नाही. एकाच घरात तापाला कोयनेल (क्विनीन), खोकल्याला अडुळसा, मुलाच्या पोटदुखीला घुटी आणि कावीळ झाली की उतारा, असे सगळे एकाच महिन्यात चाले. दुखण्याची वाटणी ठरलेली होती.

मुंबईतले डॉक्टरही बाजारातल्या वनस्पतींकडे पाठ फिरवून बसले नव्हते. ग्रँट कॉलेजात शिकलेले आणि तेथेच शिकवणारे डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. हे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील, आणि १८८३ साली मुंबईत निसर्ग इतिहास मंडळी स्थापन झाली तिच्या आठ संस्थापकांत जे दोन भारतीय होते त्यांपैकी एक, दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. सरकारी औषध भांडाराचे अधिकारी विल्यम डायमॉक यांनीही पश्चिम भारतातील वनस्पतिज औषधांवर मोठे काम केले. अशा कामांतली माहिती काही आकाशातून पडली नाही. काष्ठौषधी विकणाऱ्या दुकानदारांकडे आणि जंगलातून मुळ्या आणणाऱ्यांकडे ती होती.

भाऊ दाजींचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. महारोगावर ते जे औषध देत त्यात कडू कवठाच्या बियांचा उपयोग होता. त्यांनी ते बराच काळ गुप्त ठेवले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पदवी इंग्रजी, द्रव्य देशी, आणि गुप्तता जुन्या वैद्यघराण्याच्या थाटाची!

गोमंतक

ही परंपरा त्याहून तीनशे वर्षे मागे जाते. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करी, आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्याचा हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात येथील वैद्यांकडून काय शिकलो, हे तो मोकळेपणाने सांगतो. पोर्तुगिजांनी गोव्यात वैद्यकीय शाळा काढली तीही १८४२ साली, म्हणजे ग्रँट कॉलेजच्या आधी. इलाख्याबाहेरही बघावे, एवढीच विनंती.

तिरकस

बेट भाड्याने घेणाऱ्या डॉक्टरची फी किती असावी, याचा हिशेब मोडीवाचक यांनी करावा.

चौकसबुद्धी

फीचा विषय निघालाच आहे तर मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्रज सिव्हिल सर्जन हे सरकारी पगारदार होते, पण त्यांना खाजगी रोगी पाहण्याची मुभा होती आणि ते ती पुरेपूर वापरीत. संस्थानिक, सावकार आणि मोठे व्यापारी त्यांना घरी बोलावीत. याचा परिणाम असा झाला की, गोऱ्या डॉक्टरची घरभेट ही प्रतिष्ठेची वस्तू बनली. देशी डॉक्टरला त्याच पातळीवर फी मागायची तर त्याला तसाच पोशाख, तशीच घोडागाडी आणि दारावर पाटी ठेवावी लागली. फी ही केवळ विद्येची नव्हती, या सर्व सरंजामाची होती.

गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाने होते. तेथे औषध फुकट मिळे, पण बाटली स्वतःची न्यावी लागे. आमच्या लहानपणापर्यंत ही पद्धत होती: कंपाउंडर बाटलीत लाल किंवा पांढरे मिक्श्चर ओती, कागदाची एक लांब पट्टी कात्रीने दोन्ही कडांना खाचा पाडून कापी आणि खळ लावून बाटलीला उभी चिकटवी, एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही ती पट्टी कळत असे. मला वाटते, दवाखान्यावरचा विश्वास डॉक्टरपेक्षा या कंपाउंडरने अधिक कमावला. रोग्याची भाषा त्याची, जातगोत त्याला ठाऊक, आणि डॉक्टर दौऱ्यावर गेला की सल्लाही तोच देई. पुढे अनेक कंपाउंडरांनी खेड्यात जाऊन स्वतःच 'डॉक्टर' म्हणून बस्तान बसवले.

खलबत्ता

आणि कोयनेल तर टपाल कचेरीतून विकले जाऊ लागले. बंगालमध्ये १८९२ पासून पैशाला एक पुडी या दराने ते पोस्टात मिळे आणि पुढे इतर प्रांतांतही ही योजना गेली. म्हणजे सल्ला देणारा कोणी मध्ये नकोच. पोस्टमास्तरच अत्तार झाला. हिवतापाच्या बाबतीत आमच्या घराण्याचे काडेचिराईत आणि सागरगोटा यांना पहिला धक्का या पुडीने दिला, डॉक्टरने नाही.

सह्याद्रीवासी

प्लेगचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? खाजगी सल्ल्याचा विषय तेथेच सर्वांत निकरावर आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग ओळखला तो डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी, आणि ते सरकारी अधिकारी नव्हते. त्या भागात खाजगी व्यवसाय करणारे डॉक्टर होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीचे रोग कायदा आला. त्यानंतर रोगी दडवणे हा गुन्हा, घरझडती, सक्तीने इस्पितळात नेणे हे सुरू झाले. पुण्यात त्याची परिणती काय झाली हे सर्वांना ठाऊक आहे.

या काळात डॉक्टरला घरी बोलावणे म्हणजे सरकारला वर्दी देणे, असे समीकरण झाले. साहजिकच लोकांनी त्याला टाळले आणि तोंड बंद ठेवणाऱ्या वैद्याकडे, हकिमाकडे वळले. वैद्यांचा धंदा प्लेगने बुडाला नाही, वाढला, असे आमच्या पुण्यातील जुने लोक सांगत.

रानजाई

त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ दवाखाना चालवला आणि १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. तेव्हा 'डॉक्टर म्हणजे सरकारचा हेर' हे समीकरण सर्व वस्त्यांना लागू नव्हते. ज्यांना वैद्य दारात उभे करीत नसत, त्यांच्यासाठी असा डॉक्टर हा पहिलाच असा मनुष्य होता की जो नाडीला हात लावीत असे. वैद्याच्या शिध्याची आणि न घेतलेल्या फीची जी गोड चर्चा वर झाली, ती कोणत्या घरांची आहे, हेही पाहावे लागेल. रोख फीने बांधिलकी सुटली असे मोडीवाचक म्हणतात. ती काहींच्या पायांतली बेडीही होती.

खलबत्ता

हा मुद्दा मान्य करायला जड जातो, पण खोटा म्हणता येत नाही. आजोबा महारवाड्यात औषध देत, मात्र पुडी वरून टाकून. नाडी पाहिल्याचे मी ऐकलेले नाही.

दवाबाजार

मुंबईच्या गिरणगावाकडेही थोडे वळावे. गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला दिवसभर झोपवण्यासाठी बाळागोळी देत. तिच्यात अफू असे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली तेव्हा ही पद्धत चाळींमध्ये सर्रास असल्याचे त्यांना आढळले. येथे ना वैद्य, ना डॉक्टर, ना सुईण. गोळी विकणारा आणि शेजारीण, एवढीच सल्लागार मंडळी. खेड्यातून मुंबईला आलेल्या बाईची सासू आणि सुईण दोघी मागे राहिल्या, तेव्हा त्यांची जागा बाजारातल्या वस्तूने घेतली. वर्तमानपत्रांतील औषधांच्या जाहिराती याच पोकळीत वाढल्या. अमृतांजन १८९३ साली मुंबईतच निघाले. पनवेलच्या पुराणिकांनी तर १८७२ पासूनच तयार आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला होता. डोंगरे बालामृताच्या जाहिराती आमच्या पिढीनेही पाहिल्या आहेत. टपालाने व्ही. पी. (पोस्टात पैसे भरून सोडवायचे पार्सल) मागवायची आणि सोबतच्या कागदावर लिहिले असेल ते पथ्य पाळायचे. सल्ला आता बाटलीच्या वेष्टनात गुंडाळून येऊ लागला होता.

इतिहासवेडा

या सगळ्यात कायदा कोठे बसतो, ते सांगून मी माझ्या मूळ आक्षेपाकडे येतो. मुंबई इलाख्यात वैद्यकीय नोंदणीचा कायदा १९१२ साली झाला. त्याने वैद्यांना व्यवसाय करायला बंदी केली नाही. पण कायद्याने आवश्यक असलेले दाखले फक्त नोंदणीकृत डॉक्टरचे चालतील असे ठरवले. आजारपणाची रजा, न्यायालयातील साक्ष, मृत्यूचा दाखला ही सर्व कामे एका झटक्यात वैद्याच्या हातून गेली. आयुर्वेदाचे लोक याआधीच जागे झाले होते. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने आयुर्वेद महासंमेलन १९०७ साली नाशिकला स्थापन झाले, आणि वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी अहमदनगरला आयुर्वेद महाविद्यालय १९१७ साली काढले. अखेर १९३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात वैद्य-हकिमांचीही नोंदवही उघडली. तिच्यात न्हावी, वैदू आणि हाडवैद्य यांना मात्र जागा नव्हती.

म्हणून मोडीवाचक यांना माझे सांगणे असे की, फी हा बदलाचा परिणाम आहे, कारण नव्हे. सल्ल्याला रोख किंमत आली ती त्या सल्ल्याच्या कागदाला सरकारदरबारी किंमत आली म्हणून. नोकरदार मनुष्य डॉक्टरकडे जाई तो पुष्कळदा बरे होण्यासाठी नव्हे, रजेच्या दाखल्यासाठी. बरे व्हायला त्याला घरचा काढा पुरत होता.

तिरकस

ही प्रथा १९१२ साली सुरू झाली हे वाचून आमच्या कार्यालयात समाधान व्यक्त होत आहे.

मोडीवाचक

इतिहासवेडा यांचा तर्क डौलदार आहे, पण वहीतल्या तारखा त्याला साथ देत नाहीत. माझ्याकडच्या वह्यांत 'डाक्टर फी' ही नोंद १९१२ च्या बरीच आधी येऊ लागते, आणि घर शेती-सावकारीचे आहे. त्यांना रजेचा दाखला कोणाला दाखवायचा होता? त्यांनी डॉक्टर बोलावला तो घरात प्लेगची गाठ आली असावी या भीतीने किंवा बाळंतपण अडले म्हणून, आणि तोही सुईण, वैद्य, अंगारा-धुपारा हे सगळे करून झाल्यावर. वरचे सर्व खर्च एकाच पानावर पाठोपाठ पडलेले आहेत. सुईणीच्या लुगड्याची नोंद त्या पानावर नाही, त्यामुळे ते बाळंतपण कसे पार पडले असेल याची कल्पना येते.

रानजाई यांच्या आक्षेपाचे उत्तर या वह्यांत मिळणार नाही, कारण त्या ज्यांच्या आहेत ते घर वैद्याला ओसरीवर बसवणारे होते. दवाखान्यांच्या वार्षिक अहवालांत रोग्यांची जातवार आकडेवारी असते असे ऐकतो. ती ज्यांनी पाहिली असेल त्यांनी येथे लिहावे. चौकसबुद्धी, कंपाउंडरांविषयी तुम्ही लिहिलेत त्याची एक खूण माझ्याकडेही आहे: डॉक्टरच्या फीखाली जवळजवळ दर वेळी 'पोस्त' म्हणून दोन आणे वेगळे लिहिले आहेत. ते कंपाउंडरचेच असणार, असे आता वाटते.

चौकसबुद्धी

त्याचेच. आमच्याकडे ते चार आणे होते, पण आमचा कंपाउंडर घरी येऊन पट्टीही बदलून देत असे.